बारीक मुंगी

मुलांच्या कोशाचं काम शेवटच्या अक्षरावर आलं
त्याच आठवड्यात माझ्या पिशवीची चेन गेली.
दाते शाबूत होते. रनर मुकाट पुढे जाई
आणि त्याच्यामागे सगळं उघडंच राही:
प्रुफं, डबा, चष्म्याचं घर.

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या तोंडाशी,
स्टीलच्या डब्यांच्या दुकानाची तिसरी पायरी
सायबण्णा होटकरांची.
पुठ्ठ्यावर खडूने लिहिलंय:
ऐकू येत नाही. पिशवी दाखवावी.

दाखवली.

ते रनर पकडीत धरून तिरका पाहू लागले
आणि मी प्रुफात अडकलेली ओळ.
झिप. शब्द कुठून आला, एका ओळीत सांगा,
असा संपादकांचा हुकूम. ओळ एक, गोष्ट लांब.
आधी तो नुसता आवाज होता,
कापड फाटतानाचा,
कानाजवळून गोळी जातानाचा.
वस्तू मागून आली, तिला कितीतरी वर्षं
बिनहुकांचा बंद असलं काहीतरी कचेरीतलं नाव.
मग एका कंपनीने ती रबरी बुटांना लावली,
बुटांना त्या आवाजाचं नाव दिलं.
बूट गेले.
नाव बंदालाच चिकटून राहिलं.

आपण मात्र तिला डोळ्यांनी पाहिलं
आणि म्हणालो चेन. शब्द पुन्हा त्यांचाच,
सायकलीचा काढून पँटला बसवलेला.
(तुमची चेन उघडी आहे, हे वाक्य
या शहरात अजून कुणी मोठ्याने बोललेलं नाही.)
खरं तर आवाजांची आपल्याकडे काय वाण?
फटफटी केलीच ना आपण?
मग हिची सरसरी का नाही केली,
झर्री का नाही?

वहीत लिहून त्यांच्यापुढे धरलं:
हिचा आवाज तुम्हाला आठवतो?

वाचून हसले. मेणबत्तीचा तुकडा दात्यांवर घासत म्हणाले,
भोसरीला प्रेसवर होतो, एकवीस वर्षं.
धाड.
भाकरी खाताना धाड, झोपेत धाड.
एक दिवस वाटलं, मशीन बंद पडली.
बरं वाटलं.
वर बघतो तर मशीन चालूच.

मग माझा अंगठा धरून
त्यांनी चेनच्या पाठीवर टेकवला, कापडाच्या बाजूने,
आणि वरून रनर ओढला, सावकाश.
कळलं का? मुंग्या.
ओळीनं जातात. एखादी मेलेली असली
तर तिथे बाकीच्या अडखळतात.
पाच नंबरची चेन ती बारीक मुंगी,
आठ नंबरचा मुंगळा.
बोहरी आळीतले घाऊकवालेही आता
त्यांना याच नावाने माल देतात,
दोन गज मुंगळा, काळा.

मला एकदम त्या कंपनीतला कोणी माणूस दिसला,
बूट पायात, खाली वाकलेला, कान देऊन.
आणि शेजारी हे,
डोळे मिटून, अंगठा लावून.
एकाच वस्तूशी दोन माणसं,
आणि मधे मी, हातात लाल पेन.

कोशात मी लिहिलं: आवाजावरून.
उरलेली ओळ तशीच कोरी.
मुंग्यांना तिथे जागा नव्हती,
आणि झेड हे काही त्यांचं अक्षर नव्हे.

नवा रनर बसला. सायबण्णांनी पिशवी
या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात बंद केली
आणि हातांकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत विचारलं,
वाजली?

नेमका तेव्हाच लक्ष्मी रस्त्याचा सगळा हॉर्न
आळीत घुसला होता, वर कुणाचे तरी डबे
पायरीवरून गडगडत खाली.
मला काहीएक ऐकू आलं नाही.
अंगठ्याखालून अजून मुंग्या चालल्या होत्या.

म्हटलं, हो. मान मोठ्याने हलवली.

तीस रुपये, म्हणाले. सुटे द्या.